बराकीतील व्याकरणकार : विल्यम कॉबेट

आमच्या विद्यालयात इंग्रजी व्याकरणाचा आरंभ शब्दांच्या जातींनी होतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय ही आठ नावे वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासाच्या वेळी मुले मोठ्याने घोकतात. ही स्मरणिका हाती घेतलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या कानांत तो सामुदायिक आवाज आजही घुमत असेल. हा पाठ सुरू झाला की वर्गातील एखादे चुणचुणीत मूल हमखास विचारते, की शब्दांनाही जात असते का? वर्गात हशा पिकतो. परंतु ज्या समाजाने जातीपायी शतकानुशतके सोसले, त्या समाजाच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

त्याचे उत्तर आम्ही असे देतो : शब्दाला जात असते, पण ती जन्माने चिकटलेली नसते. वाक्यात शब्द जे काम करतो त्यावरून त्याची जात ठरते आणि काम बदलले की जातही बदलते. इंग्रजीतील 'फास्ट' हाच शब्द घ्या. उपवास या अर्थाने आला की तो नाम, उपवास करणे या अर्थाने आला की क्रियापद, वेगवान घोड्याचे वर्णन करू लागला की विशेषण आणि घोडा वेगाने धावतो हे सांगताना क्रियाविशेषण होतो. एकाच शब्दाला चार ठिकाणी चार कामे आणि त्यानुसार चार जाती. व्याकरणात कुळ विचारले जात नाही, काम विचारले जाते.

ही गोष्ट उपाशीपोटी शिकलेल्या आणि मग शेतावर राबणाऱ्या, जहाजावर खपणाऱ्या, कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी पुस्तकरूपाने मांडणाऱ्या एका माणसाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. हा माणूस इंग्लंडमधला. नाव विल्यम कॉबेट. त्यांच्या थोरवीबरोबर त्यांचे दोषही आम्ही सांगणार आहोत, कारण दोष झाकून सांगितलेल्या चरित्राचा विद्यार्थ्यांना काही उपयोग नसतो.

विल्यमचा जन्म ९ मार्च १७६३ रोजी सरे परगण्यातील फार्नहॅम या गावी झाला. वडील जॉर्ज कॉबेट लहान शेतकरी होते आणि त्याबरोबर एक खानावळवजा मद्यगृह चालवीत. ते स्वतः लहानपणी दिवसाला दोन पेन्स मजुरीवर नांगरामागे चालत असत आणि त्याच कमाईतून रात्रीच्या शाळेची फी भरत. चार मुलगे जरा हातीपायी झाले तसे त्यांनाही शेतात जुंपावे लागले. विल्यमचे पहिले काम पेरलेल्या सलगमच्या बियांवरून आणि वाटाण्यांवरून पाखरे हाकण्याचे. पुढे खुरपणी आली, मग कापणी आणि मग नांगर. शाळा अशी त्याला लाभलीच नाही. हिवाळ्याच्या लांब रात्री वडील मुलांना जवळ घेऊन लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब शिकवीत. व्याकरण शिकविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला, पण नियमांचा अर्थ त्यांनाच नीट उमगलेला नव्हता. त्यामुळे मुलाने नियम पाठ केले आणि ते विरूनही गेले. अर्थ न कळता केलेल्या पाठांतराची व्यर्थता त्याला तेव्हाच अनुभवाने कळली.

अकराव्या वर्षाची एक हकिकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. फार्नहॅमच्या गढीतील बिशपच्या बागेत हा मुलगा झुडपांच्या कडा कातरीत असे. क्यू येथील राजाच्या बागेचे वर्णन तेथे एका माळ्याच्या तोंडून ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी घरी कोणालाही न सांगता तो अंगावरच्या कपड्यांनिशी चालत निघाला. खिशात साडेसहा पेन्स होते. दोन पेन्सचे पाव आणि चीज झाले, एका पेनीचे पेय झाले, अर्धा पेनी वाटेत कुठेतरी पडला. दिवस कलताना रिचमंडला पोहोचला तेव्हा हातात तीन पेन्स उरले होते. एका पुस्तकविक्रेत्याच्या खिडकीत जोनाथन स्विफ्टचे 'टेल ऑफ अ टब' हे छोटेसे पुस्तक दिसले. किंमत तीन पेन्स. रात्रीचे जेवण घ्यावे की पुस्तक घ्यावे हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. शेताच्या कोपऱ्यात गवताच्या गंजीला टेकून उजेड असेतो तो वाचत राहिला आणि तेथेच झोपी गेला. सकाळी क्यूच्या बागेत त्याला कामही मिळाले. ते पुस्तक पुढे कित्येक वर्षे त्याच्याबरोबर फिरले आणि अखेर उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर पेटीसह समुद्रात पडून नाहीसे झाले.

१७८३ मध्ये वीस वर्षांचा विल्यम असाच एके दिवशी गाडीत बसून लंडनला निघून गेला. तेथे एका वकिलाच्या अंधाऱ्या कचेरीत काही महिने कागद नकलून काढण्याचे काम केले. त्या कोंदट खोलीचा वीट आला तेव्हा १७८४ मध्ये तो सैन्यात भरती झाला. चॅटॅमच्या छावणीत ५४ व्या पायदळ पलटणीचा साधा शिपाई म्हणून त्याला दिवसाला सहा पेन्स पगार होता.

कॉबेटांच्या खऱ्या शिक्षणाला येथे प्रारंभ झाला. त्यांचे अक्षर चांगले, म्हणून छावणीचे प्रमुख कर्नल डेबीग यांच्या पत्रांच्या नकला करण्याचे काम त्यांच्याकडे आले. नकला सुबक होत, पण त्यांत व्याकरणाच्या चुका राहत. व्याकरण शीक, बढती मिळेल, असा सल्ला कर्नलांनी दिला. कॉबेटांनी रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ साली प्रसिद्ध झालेले व्याकरण विकत घेतले. लाउथ हे चर्चमधील मोठे बिशप होते आणि त्यांचे पुस्तक विद्वानांच्या घरांत मानाने वाचले जाई. ते आता बराकीत आले. कॉबेटांनी ते संपूर्ण पुस्तक दोन-तीन वेळा हाताने उतरवून काढले, मग मुखोद्गत केले. पहाऱ्यावर उभे राहण्याची पाळी आली की प्रत्येक पाळीत ते आरंभापासून अखेरपर्यंत मनात म्हणत. लहानपणी अर्थावाचून पाठ केलेले विसरले गेले होते. या वेळी प्रत्येक नियम समजून घेतला होता, म्हणून तो जन्मभर टिकला.

अभ्यासाची साधने कोणती होती? खाटेची कड हेच आसन, पाठीवरची पिशवी हीच पुस्तकांची फडताळ आणि मांडीवर ठेवलेली फळी हेच लेखनाचे मेज. मेणबत्ती किंवा तेल घेण्यास पैसे नसत. हिवाळ्यात बराकीतील शेकोटीचा उजेड तेवढा मिळे आणि तोही आपली पाळी आली तर. भोवती दहा-बारा शिपाई बोलत, हसत, गात, भांडत असत. एक बोरू किंवा एक ताव घ्यायचा तर पोटाला चिमटा काढावा लागे. जेवणखाण आणि इतर खर्च वजा जाता आठवड्याला दोन पेन्स हातात उरत. एकदा कॉबेटांनी सर्व खर्च टाळून अर्धा पेनी राखून ठेवला होता, सकाळी एक खारवलेला मासा घ्यावा म्हणून. रात्री कपडे उतरविताना पाहिले तर ते नाणे हरवलेले. भुकेने व्याकूळ झालेला तो तरणाताठा शिपाई फाटक्या पांघरुणात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला. वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना हे रडणे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१७८५ मध्ये पलटणीबरोबर ते आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कोशियात आणि तेथून न्यू ब्रन्सविकमध्ये गेले. पलटणीचे कागद नीट लिहिणारा माणूस म्हणजे तेच, त्यामुळे तीस सार्जंटांना मागे टाकून ते सार्जंट-मेजर झाले. अधिकारी कुलीन घरांतील, पण अहवाल लिहायचा झाला की त्यांना या शेतकऱ्याच्या मुलाचे तोंड पाहावे लागे. तेथेच तोफखान्यातील एका सार्जंटची मुलगी अ‍ॅन रीड त्यांच्या दृष्टीस पडली. पहाटेच्या अंधारात, बर्फात, ती कपडे धुण्याचे पिंप घासून काढीत होती. तिचे कुटुंब इंग्लंडला परतताना कॉबेटांनी साठविलेल्या दीडशे गिनी तिच्या स्वाधीन केल्या. हालअपेष्टा होऊ नयेत म्हणून लागतील तशा खर्च कर, असे सांगून. काही वर्षांनी ते परतले तेव्हा ती वर्षाला पाच पौंडांवर मोलकरणीचे काम करीत होती. तिने त्या गिनी जशाच्या तशा त्यांच्या हातात ठेवल्या. १७९२ च्या फेब्रुवारीत त्यांचा विवाह झाला.

सैन्यात असताना काही अधिकारी शिपायांच्या तोंडचा घास हिशेबात गिळतात हे कॉबेटांनी पाहिले होते. हिशेबवह्यांच्या नकला त्यांनी गुपचूप करून ठेवल्या होत्या. सैन्यातून सुटका होताच त्यांनी त्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. पण उलट आपल्यावरच बालंट आणण्याची तयारी चालली आहे हे लक्षात आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. प्रथम फ्रान्स, मग त्याच वर्षी अमेरिका. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रेंच निर्वासितांना इंग्रजी शिकवून पोट भरले आणि १७९५ मध्ये फ्रेंच लोकांसाठी एक इंग्रजी व्याकरणही लिहिले. परक्याला आपली भाषा शिकविताना तिचा सांगाडा नव्याने दिसतो, तसे त्यांचे झाले.

अमेरिकेतच ते राजकीय लेखनाकडे वळले. पीटर पॉर्क्युपाइन म्हणजे पीटर साळिंदर हे टोपणनाव त्यांनी घेतले आणि ते शोभेल असे लेखन केले. त्या काळी ते राजसत्तेचे कट्टर समर्थक होते. सामान्य माणसाच्या हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या थॉमस पेन यांच्यावर त्यांनी अत्यंत कडवट चिखलफेक केली. एका नामांकित डॉक्टरांच्या बदनामीबद्दल न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलर भरपाई देण्यास सांगितले आणि १८०० मध्ये ते इंग्लंडला परतले.

१८०२ मध्ये त्यांनी 'पोलिटिकल रजिस्टर' हे साप्ताहिक सुरू केले. ते अखेरपर्यंत चालविले. संसदेतील चर्चांचे वृत्तान्त नियमित छापण्याचा उपक्रमही त्यांचाच. तोच पुढे दुसऱ्याच्या हाती जाऊन हॅन्सार्ड या नावाने जगप्रसिद्ध झाला. मात्र राजसत्तेचा हा समर्थक हळूहळू तिचा टीकाकार बनत गेला. गावोगावची सामायिक कुरणे कुंपणाआड जात होती, शेतमजुरांची मजुरी घटत होती, करांचा बोजा मात्र गरिबांच्याच भाकरीवर पडत होता. हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांची लेखणी फिरली. १८०९ मध्ये ईली या गावी वेतनकपातीविरुद्ध आवाज उठविणाऱ्या स्थानिक सैनिकांना परदेशी पलटणीच्या पहाऱ्यात फटके मारण्यात आले. कॉबेटांनी त्यावर जळजळीत लेख लिहिला आणि त्याबद्दल १८१० मध्ये त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात दोन वर्षे कैद व एक हजार पौंड दंड झाला.

त्या काळी वृत्तपत्रांवर जबर मुद्रांक-कर असे. गरिबांच्या हाती वृत्तपत्र पडूच नये हा त्या कराचा परिणाम होता. १८१६ मध्ये कॉबेटांनी मुख्य लेख सुट्या पत्रकाच्या रूपाने अवघ्या दोन पेन्सला विकण्यास आरंभ केला. हजारो प्रती खपू लागल्या. न वाचता येणारे मजूर वाचता येणाऱ्याभोवती बसून ऐकू लागले. पुढच्याच वर्षी सरकारने विनाचौकशी अटकेपासूनचे संरक्षण तहकूब केले. पुन्हा तुरुंग दिसू लागताच कॉबेट अमेरिकेला गेले आणि लाँग आयलंडवरील नॉर्थ हेम्पस्टेड येथे एक शेत घेऊन राहिले. त्यांचे इंग्रजी व्याकरण त्या शेतावर लिहिले गेले.

व्याकरणच का? देश पेटलेला असताना नाम आणि सर्वनाम यांवर लेखणी झिजविण्याचे कारण काय? कारण त्या काळच्या इंग्लंडमध्ये भाषा हा वाड्याचा दरवाजा होता. १७९३ मध्ये शेफील्डच्या नागरिकांनी मताधिकाराची मागणी करणारा अर्ज संसदेकडे पाठविला, तेव्हा त्याची भाषा आदबशीर नाही एवढ्या सबबीवर तो स्वीकारण्यास नकार मिळाला. लॅटिन व ग्रीक शिकलेला तो सुसंस्कृत, त्याचेच बोलणे विचार करण्याजोगे, आणि नांगरवाल्याची भाषा गावंढळ म्हणून त्याचे म्हणणेही गावंढळ, असा तो न्याय होता. कॉबेटांनी ओळखले की हा दरवाजा नुसत्या आरोळ्यांनी उघडणार नाही. त्याची किल्ली प्रत्येकाच्या खिशात पडली पाहिजे, आणि ती किल्ली व्याकरणात आहे.

१८१८ मध्ये न्यूयॉर्क येथे आणि लगोलग लंडनमध्येही हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चौदा वर्षांच्या जेम्स पॉल या आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात ते आहे. शीर्षकपृष्ठावरच त्यांनी वाचक नमूद केले : शाळा व तरुण मंडळी तर खरीच, पण विशेषेकरून शिपाई, खलाशी, कारागिरांकडील उमेदवार आणि नांगरामागची पोरे. तोवर व्याकरणाच्या पुस्तकांनी ज्यांची नावेही घेतली नव्हती, त्यांची नावे येथे पहिल्या पानावर आली.

पुस्तकाच्या आरंभी शब्दांच्या जाती येतात. कॉबेटांनी लाउथ यांच्याप्रमाणे त्या नऊ मानल्या. आपण शिकतो त्या आठ आणि त्यांशिवाय 'अ', 'अ‍ॅन' व 'द' या उपपदांची एक. एकेका जातीला एकेक पत्र देऊन ते सावकाश पुढे जातात. नाम म्हणजे वस्तूचे वा व्यक्तीचे नाव, विशेषण त्या नावाला गुण जोडते, क्रियापद घडणे वा असणे सांगते, अव्यये या सर्वांना जागच्या जागी बांधतात. शेत, नांगर, घोडा, बाग अशा रोजच्या वस्तू हाताशी धरून ते समजावतात. शब्दांची ओळख पुरी झाल्यावरच वाक्यरचनेकडे वळतात, जसा गवंडी आधी विटांची पारख करतो आणि मग भिंत उचलतो.

पुस्तकातील उदाहरणे मात्र निरुपद्रवी नाहीत. समूहवाचक नामांच्या यादीत कॉबेटांनी संसद, न्यायपीठ, जमाव आणि चोरांचा अड्डा यांना एकाच रांगेत बसविले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती. चारही नामेच, चारही समूहवाचकच. सर्वनामांविषयी ते फार दक्ष होते. 'इट' हा चिमुकला शब्द कागदावर उतरविण्यापूर्वी तो नेमका कोणत्या नामाबद्दल उभा आहे हे दहादा तपासावे, असा त्यांचा आग्रह. एखाद्या पानावर हा शब्द वारंवार दिसला की त्यांना लेखकाविषयीच काळजी वाटू लागे. ही केवळ शुद्धलेखनाची काळजी नव्हती. ज्याला जबाबदारी टाळायची असते तो नाम लपवितो आणि सर्वनामाच्या धुक्यात वाचकाला सोडून देतो. हे कोणी केले, कोणाला दिले, कोणाकडून घेतले असे प्रश्न कागद वाचताना ज्याला विचारता येतात, त्याला फसविणे कठीण जाते. सातबाऱ्यावरची ओळ असो, सावकाराची चिठ्ठी असो वा सरकारी परिपत्रक, कर्ता कोण आणि क्रियापद कोणते हे शोधण्याची सवय माणसाला सावध करते.

पुढच्या पत्रांत कॉबेटांनी आणखी धाडस केले. इंग्रजी कोशाचे कर्ते डॉक्टर जॉन्सन यांच्यासारख्या महापंडितांच्या लेखनातून त्यांनी व्याकरणाच्या चुका काढून दाखविल्या. नंतरच्या आवृत्तीत सहा पाठ जोडले आणि त्यांत राजाचे संसदेतील भाषण, मंत्र्यांची पत्रे आणि सेनापती वेलिंग्टन यांचे खलिते घेऊन वाक्यावाक्यातील दोष उघडे केले. नांगरवाल्याच्या पोराला हे वाचून काय वाटले असेल! ज्यांच्या भाषेपुढे आपली मान खाली जात होती, त्यांनाही कर्ता आणि क्रियापद जुळविता येत नाही, हे त्याला स्वतःच्या बुद्धीने पडताळून पाहता आले. स्वाभिमान जागविण्याचे याहून साधे साधन आम्हांला माहीत नाही.

अभ्यासाची त्यांची रीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एक पत्र सावकाश वाचावे, हाताने उतरवून काढावे, पूर्ण समजल्यावाचून पुढच्याला हात लावू नये. लिहिताना सजावट शोधू नये, मनात जे आहे ते साध्या शब्दांत मांडावे. बराकीत शेकोटीच्या उजेडात त्यांनी स्वतः जे केले, तेच मुलाला सांगितले.

अमेरिकेतील याच वास्तव्यात त्यांनी एका जुन्या अपराधाचे प्रायश्चित्त घेण्याचा प्रयत्न केला. ज्या थॉमस पेन यांना त्यांनी पूर्वी शिव्याशाप दिले होते, त्यांचे विचार आता त्यांना पटले होते. पेन १८०९ मध्ये उपेक्षेत वारले आणि न्यू रोशेल येथे आपल्या शेतात पुरले गेले. १८१९ मध्ये कॉबेटांनी त्यांच्या अस्थी उकरून इंग्लंडला आणल्या. मायदेशात त्यांचे भव्य स्मारक उभारावे हा हेतू. लोकांनी थट्टा केली, स्मारक झाले नाही आणि कॉबेटांच्या मृत्यूनंतर त्या अस्थींचा मागही राहिला नाही. कृती विचित्र खरी, पण आपण चुकलो हे जगासमोर मान्य करण्यास जे धैर्य लागते ते तिच्यात होते.

पुढील वर्षांत ते घोड्यावरून गावोगाव फिरले, शेतमजुरांची स्थिती पाहिली आणि ती लिहून काढली. ते लेखन १८३० मध्ये 'रूरल राइड्स' या नावाने ग्रंथरूप झाले. त्याच वर्षी भुकेल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली. त्यांना चिथावल्याच्या आरोपावरून १८३१ मध्ये कॉबेटांवर खटला झाला. त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली, ज्युरीचे एकमत झाले नाही आणि ते सुटले. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ते ओल्डहॅम या गिरणगावातून संसदेत निवडून गेले. एकेकाळी पाखरे हाकणारा मुलगा आता त्या सभागृहात बसला. १८ जून १८३५ रोजी सरे परगण्यातील आपल्या शेतावर त्यांनी देह ठेवला. फार्नहॅमच्या चर्चच्या आवारात, जन्मघराजवळच, त्यांना पुरले आहे.

आता त्यांच्या दोषांविषयी. इंग्रज मजुराच्या भुकेसाठी तळमळणाऱ्या या माणसाचे मन काळ्या गुलामांच्या बाबतीत कठोर राहिले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्स यांच्यावर त्यांनी सतत हल्ले चढविले. घरच्या गरिबांकडे दुर्लक्ष करून दूरच्या गुलामांसाठी रडणारे ढोंगी, अशी त्यांची संभावना केली. काळ्या माणसांविषयी आणि ज्यूंविषयी त्यांनी जे हीन शब्द वापरले, ते वाचताना आजही मान खाली जाते. तो काळच तसा होता असे म्हणून आम्ही हे सोडून देणार नाही, कारण त्याच काळात, त्याच देशात, त्याहून चांगला विचार करणारी माणसे होती. शब्दाची जात त्याच्या कामावरून ठरते हे ज्यांनी हजारोंना शिकविले आणि शेतकऱ्याचा मुलगा जन्मामुळे हलका ठरत नाही हे ज्यांनी स्वतः जगून दाखविले, त्यांनाच दुसऱ्या वर्णाच्या माणसाचे मोल करताना जन्मापलीकडे पाहता आले नाही. व्याकरण वाक्य निर्दोष करते. मन निर्दोष करण्यासाठी करुणा लागते आणि ती कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही. विद्येबरोबर शीलाचा आग्रह बाबासाहेबांनी का धरला, याचे प्रत्यंतर आम्हांला या चरित्रात मिळते.

तरीही कॉबेटांचे ऋण आम्ही मानतो. ज्या पेन यांच्यासाठी ते अखेर हळहळले, त्यांचाच मानवी हक्कांवरील ग्रंथ पुढे पुण्यात तरुण जोतीराव फुले यांनी इंग्रजीतून वाचला आणि त्यांच्या विचारांना धार आली. इंग्रजीचे नाम-क्रियापद जोतीरावांनी शिकून घेतले नसते, तर ते पुस्तक त्यांच्यासाठी मुकेच राहिले असते. बराक आणि व्याकरण यांचे नातेही आमच्या समाजाला परके नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेतले शिक्षक. त्यांनी घरी मुलाला जवळ बसवून इंग्रजीचे पाठ आणि भाषांतराचे धडे करून घेतले. पुढे देशाच्या संविधानाचा मसुदा ज्या समितीने केला, तिचे अध्यक्षपद त्याच मुलाकडे आले. संविधानाच्या त्या इंग्रजी पाठात कोणता शब्द कोठे बसला आहे, यावर कोट्यवधी माणसांचे हक्क आजही उभे आहेत.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, मुले शब्दांच्या जाती घोकताना दिसली तर ते केवळ परीक्षेपुरते आहे असे समजू नका. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, सुट्टीत वसतिगृहात आलात तर तासभर मुलांजवळ बसा, एखादे वर्तमानपत्र वा सरकारी कागद पुढे ठेवा आणि त्यातला कर्ता त्यांना शोधू द्या. आणि पुढच्या वर्षीही एखादे मूल जेव्हा विचारील, की शब्दांनाही जात असते का, तेव्हा त्याला 'फास्ट' या शब्दाचे उदाहरण देऊन झाल्यावर चॅटॅमच्या बराकीतील त्या उपाशी शिपायाची गोष्ट सांगा. त्याला जे साधले ते सांगा आणि जे साधले नाही तेही सांगा. शब्दांच्या बाबतीत त्याने ओळखलेला नियम माणसांच्या बाबतीत पुरा करण्याचे काम आपल्या मुलांसाठी शिल्लक आहे.